मांडणी चालू लागली तेव्हा

गावातले जुने किराणा दुकान आठवून पाहा. दुकानदार गादीवर बसलेला असतो. मीठ, साखर, चहा आणि काड्यापेट्या त्याच्या हाताच्या अंतरावर असतात. साबण घ्यायला त्याला उठावे लागते. केरसुण्या, सुतळी आणि वर्षातून एकदाच खपणाऱ्या पणत्या माळ्यावर असतात, आणि त्यासाठी पोऱ्याला शिडीवर चढवावे लागते. ही रचना त्याला कोणी शिकवलेली नसते. ज्याचा खप जास्त ते जवळ आणि ज्याचा कमी ते लांब, एवढे त्याचे पायच त्याला शिकवतात.

हेच दुकान काही एकरांवर पसरले आणि त्यात लाखो प्रकारच्या वस्तू आल्या, तर काय होईल? हाताच्या अंतरावर ठेवून ठेवणार किती? मोठ्या गोदामात यादी घेऊन वस्तू गोळा करणाऱ्या कामगाराचा साधारण निम्मा वेळ नुसता चालण्यात जातो, हे गोदामशास्त्राच्या पुस्तकांतले नेहमीचे अनुमान आहे. तो उरलेल्या वेळात शोधतो, उचलतो आणि नोंद करतो. म्हणजे मालकाने पगार दिला हातांना आणि डोळ्यांना, पण तो खर्च झाला पायांवर.

हे चालणे कोणी करायचे, याचा इतिहास मोठा गमतीचा आहे. १९१६ साली अमेरिकेतील मेम्फिस शहरात क्लॅरेन्स सॉन्डर्स यांनी ‘पिग्ली विग्ली’ नावाचे दुकान उघडले. तिथे गिऱ्हाइकाने स्वतः टोपली घेऊन मांडण्यांमधून हिंडायचे, वस्तू घ्यायच्या आणि दाराशी पैसे द्यायचे. आज आपल्याला यात काही विशेष वाटत नाही. पण दुकानदाराने आपले चालण्याचे काम फुकटात गिऱ्हाइकावर ढकलले, हीच त्यातली खरी युक्ती होती. पुढे ऐंशी वर्षांनी लोक घरबसल्या संगणकावरून माल मागवू लागले, तेव्हा ढकललेले ते चालणे व्याजासकट दुकानदाराकडे परत आले.

आजच्या चालत्या मांडण्यांची गोष्ट तिथून सुरू होते. पण त्याआधी तिचे दोन पूर्वज पाहायला हवेत.

पहिला पूर्वज अगदी साधा आहे. १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत बॅरेट इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने माल ओढणाऱ्या छोट्या ट्रॅक्टरवरून चालकाला खाली उतरवले आणि ट्रॅक्टरला तारेच्या मागे चालायला लावले. अशा वाहनांच्या वाटेवर जमिनीत एक तार पुरलेली असते. तारेतून प्रत्यावर्ती विद्युतधारा सोडली की तिच्याभोवती सतत बदलणारे चुंबकीय क्षेत्र तयार होते. वाहनाच्या पोटाखाली डावीकडे आणि उजवीकडे एकेक वेटोळे असते. फॅरेडेच्या नियमानुसार दोन्ही वेटोळ्यांत विद्युतदाब निर्माण होतो. वाहन बरोबर तारेवर असेल तर दोन्ही दाब सारखे असतात. ते उजवीकडे सरकले की डावे वेटोळे तारेजवळ येते, त्यातला दाब वाढतो, आणि हा फरक सुकाणूला ‘डावीकडे वळ’ असे सांगतो. दहावीच्या पुस्तकातले विद्युतचुंबकीय प्रवर्तन वर्गात शिकवताना जनित्राचे उदाहरण आपण नेहमी देतो. त्याच्या जोडीला हे उदाहरण द्यायला हरकत नाही. यात संगणक नाही, स्मरणशक्ती नाही. असलीच तर दोन दाबांची तुलना आहे.

या वाहनाची अडचणही उघड आहे. वाट बदलायची तर फरशी फोडावी लागते, आणि वाटेत खोके पडले असेल तर वाहन फार तर थांबते.

दुसरा पूर्वज याच्या अगदी उलट स्वभावाचा. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत १९६६ ते १९७२ या काळात ‘शेकी’ नावाचा रोबो घडवला गेला. चालताना तो थरथरत असे, म्हणून हे नाव. त्याच्यावर कॅमेरा होता आणि रेडिओने तो एका मोठ्या संगणकाशी जोडलेला होता. ठोकळे ठेवलेल्या खोलीचे चित्र पाहून कुठून जायचे आणि कोणता ठोकळा ढकलायचा, हे त्याने स्वतः ठरवावे अशी अपेक्षा होती. तो ते करीत असे, पण एकेका कृतीसाठी विचार करण्यात त्याचा पुष्कळ वेळ जाई. गोदामाच्या मालकाने त्याला दारातही उभे केले नसते.

पण शेकीच्या निमित्ताने एक अमोल गोष्ट हाती आली. पीटर हार्ट, निल्स निल्सन आणि बर्ट्राम रॅफेल यांनी १९६८ मध्ये वाट शोधण्याची एक रीत प्रसिद्ध केली. ती ‘ए-स्टार’ या नावाने ओळखली जाते. त्याआधी एड्सगर डायक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाने सर्वांत जवळची वाट शोधण्याची रीत १९५९ मध्ये प्रसिद्ध केली होती. ॲम्स्टरडॅममधील एका कॉफीगृहात, हाती कागद-पेन्सिल नसताना, वीस मिनिटांत ती सुचली, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे. डायक्स्ट्रांची रीत पाण्यासारखी चहूकडे पसरत जाते. ए-स्टार रीत त्यात एक अंदाज मिसळते. प्रत्येक चौकोनासाठी ‘इथपर्यंत यायला लागलेले अंतर’ आणि ‘इथून पुढे निदान किती अंतर असेल’ यांची बेरीज करायची आणि जिथे ती सर्वांत कमी, तो चौकोन आधी तपासायचा. समजा आपण दुसऱ्या रांगेतल्या तिसऱ्या फरशीवर आहोत आणि सातव्या रांगेतल्या नवव्या फरशीवर जायचे आहे. तिरके जायचे नाही. मग रांगांचा फरक ५ आणि फरश्यांचा फरक ६, म्हणजे निदान ११ पावले. मध्ये भिंत असेल तर जास्त लागतील, पण कमी कधीच लागणार नाहीत. अंदाज खऱ्या अंतरापेक्षा कधीच मोठा नसेल, तर मिळालेली वाट सर्वांत जवळचीच असते, हे सिद्ध करता येते. चौकटीच्या वहीवर आठवीच्या मुलांनाही हे जमते.

म्हणजे एकीकडे बिनडोक पण भरवशाचे वाहन, आणि दुसरीकडे डोके असलेला पण रेंगाळणारा रोबो. दोघांची गाठ पडायला पुढची तीस-पस्तीस वर्षे लागली.

मधल्या काळातली एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. स्वीडनमध्ये व्होल्वो कंपनीने १९७४ साली काल्मार येथे मोटारी जोडण्याचा नवा कारखाना उघडला. तिथे सरकता पट्टा नव्हता. जमिनीतून मार्गदर्शन मिळणाऱ्या, बॅटरीवर चालणाऱ्या गाड्यांवर मोटारींचे सांगाडे ठेवलेले असत. पंधरा-वीस जणांचा एक गट मोटारीचा एखादा पूर्ण भाग बसवी, आणि काम झाले की गाडी पुढच्या गटाकडे जाई. दोन गटांमध्ये काही गाड्या थांबायला जागा ठेवली होती. गटाने भराभर काम उरकले तर मधल्या वेळात कॉफी घेता येई. मोटारीच्या तळाचे काम करायचे असेल तर सांगाडा नव्वद अंशांत कलता करता येई, म्हणजे मान वर करून तासन्‌तास हात उंच धरावे लागत नसत. ही व्यवस्था निर्दोष होती असे नव्हे. गाड्यांवर संगणकाची नजर होतीच, आणि बाजारात मंदी आल्यावर १९९४ मध्ये कारखाना बंद झाला. पण चाकांवरचे तेच यंत्र माणसाच्या पाठीचा आणि मानेचा विचार करून रचता येते, हे काल्मारने दाखवले होते. ही गोष्ट पुढे आपल्याला लागणार आहे.

आता १९९९ सालात येऊ. अमेरिकेतील वेबव्हॅन ही कंपनी घरबसल्या मागवलेला किराणा पोहोचवू लागली. तिने प्रचंड भांडवल घालून सरकत्या पट्ट्यांची अवाढव्य गोदामे बांधली, आणि जुलै २००१ मध्ये तिचे दिवाळे निघाले. मिक माउंट्झ हे अभियंते तिथे काम करीत होते. एकेक मागणी भरण्याचाच खर्च फार होतो, हे त्यांनी जवळून पाहिले होते.

पट्ट्याचे दुखणे शिक्षकांना विजेच्या भाषेत चटकन कळेल. पट्ट्यावरची टोपली पहिल्या माणसाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जाते. ही एकसर जोडणी झाली. एक जण रेंगाळला की सगळेच अडकतात. माउंट्झ यांना समांतर जोडणी हवी होती, म्हणजे कोणत्याही टेबलावर कोणतीही मागणी सुरुवातीपासून शेवटपर्यंत भरता यावी. पण त्यासाठी प्रत्येक टेबलाजवळ गोदामातली प्रत्येक वस्तू हवी, आणि ते अशक्य. मग वस्तूलाच टेबलाकडे चालत यायला सांगितले तर?

२००३ मध्ये त्यांनी कंपनी काढली. पुढे तिचे नाव ‘किवा सिस्टिम्स’ झाले. त्यांच्या जोडीला आलेले दोघेही प्राध्यापक होते. पीटर वर्मन हे त्यांचे महाविद्यालयातले खोलीसोबती आणि संगणकशास्त्रज्ञ. राफाएलो डी’अँड्रिया कॉर्नेल विद्यापीठात शिकवीत आणि रोबोंच्या फुटबॉल स्पर्धेत त्यांच्या विद्यार्थ्यांचा संघ जगज्जेता ठरला होता. फुटबॉल खेळणारे रोबो ज्यांनी एकमेकांवर न आदळता पळवले, त्यांच्याकडे गोदाम देणे शहाणपणाचेच होते. २००६ मध्ये स्टेपल्स या स्टेशनरी विकणाऱ्या कंपनीच्या गोदामात हे रोबो कामाला लागले.

त्यांची रचना पाहण्यासारखी आहे. जेमतेम गुडघ्याच्या उंचीचे, चपटे यंत्र मांडणीखाली शिरते, तिला जमिनीपासून थोडे उचलते आणि घेऊन चालू लागते. उचलण्याची युक्ती तर मोटारीच्या जॅकची मौसेरी बहीणच आहे. यंत्राच्या मध्यभागी मोठा स्क्रू आणि त्यावर तबकडी असते. तबकडी मांडणीला टेकलेली असते. यंत्र आपल्या दोन चाकांवर जागच्या जागी गिरकी घेते, पण तबकडी मांडणीबरोबर स्थिर राहते. त्यामुळे स्क्रू वर चढतो आणि मांडणी उचलली जाते, पण फिरत मात्र नाही.

आता खरा प्रश्न. आपण कुठे आहोत, हे यंत्राला कसे कळते? शेकीप्रमाणे कॅमेऱ्याने खोली पाहून नव्हे. गोदामाच्या जमिनीवर ठरावीक अंतरावर ठिपक्या-चौकोनांच्या खुणांचे कागद चिकटवलेले असतात. यंत्राच्या पोटाखालचा कॅमेरा ती खूण वाचतो. दोन खुणांच्या मधले अंतर ते चाकाचे फेरे मोजून काढते. चाके थोडी घसरतातच. समजा शंभर भागांत एक भाग चूक होते. मग एका मीटरमध्ये एक सेंटीमीटर चूक होईल, आणि पुढची खूण दिसताच ती पुसली जाईल. खुणा नसत्या तर शंभर मीटर गेल्यावर यंत्र मीटरभर भरकटले असते. एखाद्या वाटसरूने प्रत्येक मैलाच्या दगडापाशी आपला हिशेब तपासावा, तसे हे आहे. शेकीला जग समजून घ्यायला लावले होते. किवाने जगच असे आखून ठेवले की समजून घेण्याचे फारसे उरू नये. आमच्या मते या यशाचे मर्म इथे आहे. वर्तमानपत्रांतून ‘विचार करणारे रोबो’ असे मथळे येतात, तेव्हा त्या जमिनीवरच्या कागदांची आठवण ठेवलेली बरी.

मग मांडण्या कुठे ठेवायच्या? काम झाले की मांडणी जुन्याच जागी परत न्यायची गरज नसते. जवळची मोकळी, सोयीची जागा पाहून संगणक तिला पाठवतो. त्यामुळे ज्यांना सतत मागणी असते त्या मांडण्या हळूहळू टेबलांजवळ गोळा होतात, आणि पणत्यांची मांडणी दूर कोपऱ्यात जाऊन बसते. किराणा दुकानदाराचे शहाणपण इथे आपोआप उतरते, आणि दिवाळी आली की पणत्यांची जागाही आपोआप बदलते.

हा भाग मुलांकडून करवून पाहण्याजोगा आहे. आम्ही तो शहाबादी फरशीच्या एका वर्गखोलीत केला. बाके बाहेर काढून फरश्यांना खडूने क्रमांक दिले. दहा खोकी म्हणजे मांडण्या. त्यांत पेन्सिली, खोडरबर, बटणे, चिंचोके असे काहीबाही टाकले. सहा मुले रोबो, एक मुलगा संगणक, आणि भिंतीशी दोन टेबलांवर वस्तू काढून घेणाऱ्या दोन मुली. नियम एकच होता : पुढच्या फरशीवर पाऊल ठेवण्याआधी तिचा क्रमांक मोठ्याने मागायचा, ती दुसऱ्याकडे असेल तर थांबायचे. खऱ्या गोदामातही यंत्रे पुढचा मार्ग असाच राखून घेतात. रिकामे यंत्र मांडण्यांच्या खालून जाऊ शकते, पण लादलेल्या यंत्राला मोकळ्या वाटेनेच जावे लागते. खोक्याखालून जाणे मुलांना शक्य नव्हते, म्हणून रिकाम्या मुलांना खोकी ओलांडून जायची मुभा दिली.

पाच मिनिटांत खेळ बंद पडला. अरुंद वाटेत दोन मुले समोरासमोर आली. प्रत्येकाला दुसऱ्याच्या पायाखालची फरशी हवी होती, आणि नियमाप्रमाणे दोघेही थांबले. मागून तिसरा आला, तोही थांबला. संगणकशास्त्रात या कोंडीचा अभ्यास १९६० च्या दशकापासून चालू आहे आणि त्यात डायक्स्ट्रांचे नाव पुन्हा भेटते. मुलांनी यावर काढलेला तोडगा म्हणजे एकेरी वाटा. अनेक गोदामांतही तेच करतात. मग आम्ही रोबोंची संख्या सहावरून बारा केली. काम दुप्पट होईल अशी पैज होती. झाले जेमतेम थोडे अधिक, कारण अर्धा वेळ सगळे एकमेकांसाठी थांबले होते.

मार्च २०१२ मध्ये अमेझॉनने किवा कंपनी ७७ कोटी ५० लाख डॉलरना विकत घेतली. हळूहळू इतरांना ही यंत्रे विकणे बंद झाले. ज्यांची गोदामे या यंत्रांवर उभी होती त्यांची पंचाईत झाली, पण त्यामुळेच नव्या कंपन्यांना वाव मिळाला. आपल्याकडे पिलानीच्या बिट्स संस्थेत शिकलेल्या समय कोहली आणि आकाश गुप्ता यांनी २०११ मध्ये ग्रेऑरेंज ही कंपनी स्थापन केली. त्यांचा ‘बटलर’ हा मांडणी उचलणारा रोबो भारतातल्या गोदामांत चालला. नंतर काही कंपन्यांनी खुणांचे कागदही काढून टाकले. त्यांची यंत्रे लेझरचा झोत सोडतात आणि तो परत येण्याचा वेळ मोजतात. तीन मीटरवरच्या भिंतीवरून प्रकाश परत यायला २० नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाच कोटींवा भाग लागतो. अशा हजारो मोजमापांवरून यंत्र आसपासचा नकाशा काढते आणि त्याच नकाशात स्वतःला शोधते. नकाशासाठी आपली जागा माहीत हवी आणि जागेसाठी नकाशा हवा, हे कोडे १९८६ च्या सुमारास संभाव्यताशास्त्राच्या साह्याने सुटू लागले होते. अशी यंत्रे माणसांच्या मधून, त्यांना वळसा घालून जाऊ शकतात. किवाच्या यंत्रांचा मुलूख मात्र कुंपणाआड होता, आणि माणूस आत गेला की ती थांबवावी लागत.

२०२५ मध्ये अमेझॉनने आपला दहा लाखावा रोबो कामाला लावल्याचे जाहीर केले. एवढे होऊनही टेबलापाशी माणूस आहेच. चालणे यंत्राने उचलले, पण हात तसाच राहिला. पिशवीत घातलेले पुस्तक, गुळगुळीत बाटली, मऊ खेळणे अशा वस्तू गर्दीच्या खणातून बाहेर काढणे यंत्राला अजूनही सोपे नाही. २०१५ ते २०१७ या काळात अमेझॉनने याच कामाच्या जागतिक स्पर्धा भरवल्या. त्यांत आयआयटी कानपूर आणि टीसीएस यांचा संघही उतरला होता. तीन वर्षांचे मूल खिशातून गोळी काढते, त्यात केवढी विद्या आहे हे त्या स्पर्धांनी दाखवले.

आणि त्या हाताचे काय झाले? पूर्वी चालता चालता त्याला उसंत मिळत असे. आता एक मांडणी गेली की दुसरी समोर हजर. अमेरिकेतील ‘रिव्हील’ या शोधपत्रकारितेच्या संस्थेने २०२० मध्ये अमेझॉनच्या अंतर्गत नोंदी मिळवून प्रसिद्ध केल्या. २०१६ ते २०१९ या काळात रोबो असलेल्या गोदामांत गंभीर दुखापतींचे प्रमाण रोबो नसलेल्या गोदामांपेक्षा सुमारे ५० टक्के अधिक होते, असे त्यांतून दिसले. यंत्रांनी ठोकर मारल्यामुळे नव्हे, तर तेच वाकणे, तेच वळणे, तासाला अनेक पट अधिक वेळा करावे लागल्यामुळे. कंपनीने हा निष्कर्ष मान्य केला नाही. मात्र २०२१ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने कायदा केला : गोदामातल्या कामगाराला त्याच्या कामाचे प्रमाण लेखी कळवावे, आणि ते जेवणाच्या सुट्टीच्या किंवा स्वच्छतागृहाला जाण्याच्या आड येता कामा नये.

महाराष्ट्राला ही भाषा अगदी अनोळखी नाही. डोक्यावर ओझे वाहणाऱ्यांसाठी आपल्याकडे ‘माथाडी’ हा शब्दच आहे, आणि १९६९ च्या माथाडी कायद्याने त्यांची नोंदणी, मजुरी आणि कल्याणाची मंडळे उभी केली. त्या कायद्यापुढे प्रश्न होता तो पाठीचा आणि मानेचा. भिवंडीच्या आसपास आज मैलोगणती गोदामे आहेत आणि त्यांतल्या बहुतेक ठिकाणी माल अजून माणसाच्याच अंगाखांद्यावरून हलतो. उद्या तिथे मांडण्या चालू लागतील तेव्हा ओझे कमी होईल, यात शंका नाही. काल्मारमध्ये दोन गटांच्या मध्ये गाड्या थांबायला जागा ठेवली होती, तशी जागा या नव्या गोदामांत कोण आखणार, हे रोबोच्या आज्ञावलीत लिहिलेले नसते. ते आधीच कोणीतरी ठरवलेले असते.

आमच्या खेळातही हे आलेच. दुसऱ्या दिवशी मुलांनी एकेरी वाटा आखल्या, खप पाहून खोकी टेबलांजवळ आणली, आणि काम विलक्षण वेगाने होऊ लागले. रोबो झालेली मुले आळीपाळीने दम खात होती. पंधराव्या मिनिटाला डावीकडच्या टेबलावरची मुलगी उठून उभी राहिली आणि म्हणाली, “सर, ह्यांना सांगा ना, एक खोकं गेल्यावर दुसरं लगेच नका आणू.” संगणक झालेल्या मुलाने आपल्या वहीत तसा नियम लिहून घेतला. त्याने तो किती फरश्यांच्या अंतराचा ठेवावा, यावर तास संपेपर्यंत वाद चालला होता.